कर्कटकाचं टोक

अमरावतीहून दर्यापूरला जाताना बसमध्ये माझी मुलगी मांडीवर वही घेऊन वर्तुळातला त्रिकोण काढत होती. शेजारच्या, काळ्या चष्म्याच्या माणसानं अचानक तिच्या हातातलं कर्कटक हिसकावलं आणि त्याचं टोक मुठीत दाबून धरलं.

"हे काय करता?" मी ओरडलेच.

त्यानं चष्मा काढला. उजव्या डोळ्याच्या जागी नुसती खाच होती.

"मीबी शाळेत जाता जाता बसमंदी हेच काढून राहिलो होतो, बाई. डायवरनं ब्रेक मारला."

मग तो मुलीला हळूच म्हणाला, "आईची बांगडी ठेव अन् गोल काढ, बेटा."

मी बांगडी उतरवू लागले, पण त्याआधीच लेकीनं ती माझ्या हातातून काढून वहीवर ठेवली.