शेवटची दहा मिनिटं

रघूभाऊ गेल्याचा फोन शिरीषचा होता. सकाळची वेळ, मी भाजी निवडत बसलो होतो. "रघूभाऊ गेले. काल संध्याकाळी, बसल्या बसल्या," एवढंच तो म्हणाला. मग त्याने विचारलं, मधूला कोण कळवणार? मी म्हटलं, तूच कळव. तो म्हणाला, नको, तू कळव. आम्ही तिघंही सत्तरी ओलांडलेली माणसं, एकाच टीममध्ये खेळलेली, पण मधूच्या नावापाशी आलं की आमचं बोलणं अजून अडतं. शेवटी मीच मधूला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाला आणि फोन ठेवला.

रघूभाऊ आमचे कोच. फुटबॉलची टीम नारायण पेठेतल्या आमच्या गणपती मंडळाची, काळ आणीबाणीच्या जरा आधीचा. ते सरकारी कचेरीत कारकून होते. संध्याकाळी पाच वाजता कचेरीतून सुटायचे आणि सायकल दामटत थेट मुठेच्या पात्रात यायचे. पँटच्या पायाला सायकलची क्लिप तशीच राहायची. पहिला अर्धा तास ते आम्हाला बॉल दाखवतसुद्धा नसत. प्रत्येकाने आपल्या जागेवर उभं राहायचं, शेजारचा हलला की आपण किती हलायचं तेवढंच शिकायचं. "जागा राखा. बॉल कुठं पळून जात नाही," हे त्यांचं एकच पालुपद. आम्हाला कंटाळा यायचा. पात्रात म्हशी धुवायला येणारी माणसं आम्हाला बघून विचारत, तुमचा बॉल हरवला का? मी डावा बॅक, शिरीष गोली आणि मधू स्टॉपर, म्हणजे गोलीच्या पुढचा शेवटचा माणूस. मधूने जागा सोडणं म्हणजे घराचं दार सताड उघडं टाकून जत्रेला जाणं, असं रघूभाऊ म्हणायचे.

टीम म्हणून आम्ही यथातथाच होतो. फार जिंकायचो नाही, पण दाणादाणही उडायची नाही. लीगमध्ये तळाच्या आसपास असायचो आणि दरवर्षी कसेबसे तरायचो. त्या वर्षी मात्र अध्यक्षांनी आधीच सुनावलं होतं, खालच्या डिव्हिजनमध्ये गेलात तर टीम बंद, मंडळ यापुढे कबड्डीकडे बघेल. शेवटची मॅच एका कारखान्याच्या टीमशी होती. त्यांच्याकडे नवेकोरे बूट होते, इस्त्रीचे शर्ट होते आणि लीगमध्ये ते वरून दुसरे होते. आम्हाला जिंकायलाच हवं होतं आणि आम्ही एका गोलने मागे होतो. दहा मिनिटं उरली असतील तेव्हा मधू कुणालाही न विचारता पुढे निघाला. कॉर्नरवर त्याने डोकं लावलं आणि बरोबरी झाली. आता तरी मागे येईल असं वाटलं, पण आला नाही. शेवटच्या क्षणी त्यांच्या गोलसमोर एकच झिम्मड उडाली, बॉल कुणाच्या तरी पाठीला लागून मधूच्या गुडघ्यावर आदळला आणि आत गेला.

पुढे काय झालं ते सांगायला नको. गुलाल, ढोल, खांद्यावर मधू. आणि मधूपेक्षाही उंच रघूभाऊ, कारण स्टॉपरला पुढे पाठवायची युक्ती त्यांचीच, अशी सगळ्यांची खात्री. मी बूट सोडायला मांडवाच्या मागच्या बाजूला गेलो तर ते तिथे एकटेच बसले होते. केसांत गुलाल, चेहरा मात्र सुतकी. "मी त्याला मागे ये म्हणून ओरडत होतो रे," ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "आता आपल्याला कुणी नीट खेळू देणार नाही." मला तेव्हा त्यांचा राग आला होता. चार घटका आनंद करावा, तर हा माणूस आधीच तेराव्याचं बोलतोय.

आमच्या चौकात एक फळा होता. निवृत्त शिक्षक जोशी त्यावर रोज खडूने काही ना काही लिहीत, आणि पेठेतला माणूस दूध आणायला जाताना तो वाचल्याशिवाय पुढे जात नसे. दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : 'पेठेची टीम सगळी मॅच झोपते आणि दहा मिनिटांत जिंकते. ज्यांना वेळ नाही त्यांनी शेवटची दहा मिनिटे यावे.' आम्ही सगळे मनमुराद हसलो. पुढच्या हंगामात पहिल्या मॅचला मैदानावर चिटपाखरू नव्हतं. संपत आली तशी सायकलींची रांग लागली. लोक खरंच फळा वाचून यायला लागले होते.

हळूहळू ते आमच्यातही मुरलं, आणि कधी मुरलं ते कळलंही नाही. पहिल्या हाफमध्ये कुणी जिवाच्या आकांताने धावेना. दम राखून ठेवायचा, खरी मॅच पुढे आहे. गोल खाल्ला तरी कुणाच्या कपाळाला आठी पडेना. लोक आले की मधूच्या नावाने ओरडा सुरू व्हायचा आणि मधू निघायचा. कधी जमायचं, बहुतेकदा नाही. नाही जमलं की लोक म्हणत, आज नशीब नव्हतं. रघूभाऊ अजूनही पात्रात आम्हाला जागेवर उभं करायचे, पण आता तिथे निम्मेच जण यायचे. ज्याला भेटतील त्याला ते सांगत, अहो, ती युक्ती माझी नव्हती, तो अपघात होता. ऐकणारे मान डोलवत आणि म्हणत, मोठी माणसं असंच म्हणतात. एकदा ते जोशी सरांकडे गेले, मी बरोबर होतो. फळ्यावर टीमबद्दल लिहू नका अशी त्यांनी विनंती केली. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "आपण खेळायचं, आम्ही लिहायचं. फळा सार्वजनिक आहे." बाहेर आल्यावर रघूभाऊंनी सायकलला टेकून दोन मिनिटं नुसताच श्वास घेतला. हे काही चांगल्याने संपणार नाही, असं मला पहिल्यांदा तेव्हा वाटलं.

त्या हंगामाची शेवटची मॅच. तीच धमकी, तीच वेळ, फरक एवढाच की या वेळी बरोबरी झाली तरी आम्ही तरणार होतो. आणि त्या दिवशी, कोण जाणे कसे, आम्ही छान खेळलो. सगळे आपापल्या जागेवर. गोल आमचा नाही, त्यांचाही नाही. मग सायकली यायला लागल्या... ओरडा सुरू झाला. मधूने या वेळी स्वतःहून पाऊल उचललं नाही. तो वळला आणि त्याने रघूभाऊंकडे बघितलं. मीही बघितलं. वर्षभर 'नाही, नाही' म्हणणारा तो माणूस लोकांकडे बघत होता, मधूकडे बघत होता. मग त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "जा."

आमचा कॉर्नर त्यांच्या गोलीने हातात धरला आणि लांब फेकला. मागे कुणीच नव्हतं. मी डावीकडून जीव खाऊन पळालो, पण अंतर फार होतं. शिरीष एकटा पुढे आला, त्याने त्यांच्या फॉरवर्डच्या पायांत झेप घेतली. आवाज मला पळता पळता ऐकू आला. बॉल सावकाश आत गेला, शिरीष तिथेच पडला. त्याचा गुडघा पुन्हा कधी धड झाला नाही, आणि आमची टीम त्या संध्याकाळी संपली. फळा दुसऱ्या दिवशी कोरा होता, एवढी लाज जोशी सरांना होती.

मी एकदाच रघूभाऊंना विचारलं होतं, तुम्ही 'जा' का म्हणालात? ते म्हणाले, "इतकी माणसं म्हणतायत तर खरंच असेल, असं वाटलं रे मला." या एका वाक्यासाठी मी त्यांच्यावर चिडलो आणि याच वाक्यासाठी त्यांच्यावर माया केली. माझा पुतण्या खराडीत नोकरी करतो. परवा सांगत होता, "काका, एक मोठी विन मिळाली ना, की टीमचं नशीबच चेंज होतं." मी म्हटलं, होतं बाबा. कुठल्या दिशेने, ते मात्र जिंकणाऱ्याला विचारून होत नाही.

रघूभाऊ पुढे बिबवेवाडीला राहायला गेले. दर रविवारी शिरीषला भेटायला यायचे, गुडघ्याला लावायला कुठलं तरी तेल घेऊन. शिरीषने त्यांना कधी दोष दिला नाही, तेलही मुकाट्याने लावून घेतलं. मधू मात्र पुण्यात राहूनही पुन्हा कुणाला भेटला नाही.

गेल्या आठवड्यात मी आणि शिरीष रघूभाऊंच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. टीव्हीवर फुटबॉल लागलं होतं, कुणी बघत नव्हतं. मॅच संपत आली तशा वहिनी बोलता बोलता उठल्या, त्यांनी आवाज बंद केला आणि गॅलरीचं दार उघडलं. मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं. म्हणाल्या, सवय. रघूभाऊ टीव्हीवर सगळ्या मॅच बघायचे, पण शेवटची दहा मिनिटं त्यांनी कधी बघितली नाहीत. उठून गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे, रस्त्याकडे तोंड करून. मॅच संपली की वहिनींनी जाऊन निकाल सांगायचा, मगच ते आत यायचे.

शिरीषने हळूच विचारलं, ते गेले त्या दिवशी?

"त्या दिवशीही तसंच," वहिनी म्हणाल्या. "मी सांगायला गेले तर मान खाली होती. हात लावला... कळलं मला. पण आधी मी त्यांना निकाल सांगितला. मग तुम्हाला फोन केला."