फोटोतलं बंदर

मी आजवर कुठल्याही मोठ्या जहाजावर पाऊल ठेवलेलं नाही. एकदा घारापुरीच्या लाँचमध्ये बसलो होतो, तेव्हा जाताना आणि येताना दोन्ही वेळा ओकलो. तरीही गेलं दीड वर्ष मी क्रूझवाल्यांच्या एका ग्रुपचा सभासद आहे, आणि रोज सकाळी आठ वाजता चहा गार करत मोबाइलवर जगातली बंदरं ओळखत बसतो.

या ग्रुपात बहुतेक सगळे निवृत्त. मुलं परदेशात, गुडघे अर्धे कामातून गेलेले, आणि पैसे बरे. बसमधून धक्के खात फिरण्यापेक्षा हॉटेलच समुद्रावरून फिरवून आणतं हे त्यांना एकदा कळलं आणि मग चटकच लागली. वर्षातून एक फेरी होते. उरलेले अकरा महिने काय करायचं, म्हणून हा खेळ. एकाने जहाजावरून काढलेला बंदराचा फोटो टाकायचा, बाकीच्यांनी गाव ओळखायचं. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला. संगणकाला विचारायचं नाही. आणि मुख्य नियम असा, की फोटो टाकणाऱ्याला उत्तर पक्कं ठाऊक असलं पाहिजे.

ग्रुप चालवतात त्या बाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. नारायण पेठेत माझ्या पुढच्याच गल्लीत राहतात. त्यांच्यासमोर चुकीचं उत्तर देणं म्हणजे पुन्हा सातवीत बसणं. कुणी डोंगर पाहून नॉर्वे म्हटलं, की त्या लिहितात, "डोंगर आपल्याकडेही आहेत. त्याला आपण पर्वती म्हणतो." चांगले खेळाडू डोंगर, चर्च असलं काही बघतच नाहीत. ते दोर बांधायचे लोखंडी खुंट बघतात, जहाज ओढणाऱ्या बोटींचे रंग बघतात, दिव्याचे खांब, धक्क्यावर उभ्या टॅक्सी. त्यातून नेपल्स की पिरेयस ते ठरवतात. थट्टा नाही, त्यांना ते खरंच जमतं.

मला इथे आणलं ते हडपसरच्या एका गृहस्थांनी. मी भूमापन खात्यात नकाशे काढायचो. तीस वर्षांपूर्वी यांच्या घरातल्या वाटणीचा नकाशा मी काढला होता, आणि चार भावांपैकी एकानेही त्यावरून भांडण केलं नाही, याचं त्यांना अजून कौतुक आहे. पुढे त्या जमिनीवर काचेच्या इमारती आल्या आणि हे जग बघायला निघाले. बंदर ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. बाकीचे जहाजाच्या अकराव्या मजल्यावरून गाव बघतात, हे खाली उतरून भाजीबाजारात जातात आणि वांग्याचा भाव विचारून येतात. सुरुवातीला ते फोटो पडल्या पडल्या उत्तर सांगून मोकळे व्हायचे. सगळ्यांची मजा जायची. म्हणून बाईंनी खास त्यांच्यासाठी नियम केला, की त्यांनी सर्वांत शेवटी, उत्तर जाहीर झाल्यावरच बोलायचं. तेही बिचारे निमूट पाळतात.

मी या लोकांत का शिरलो, ते आता सांगायला हरकत नाही.

माझा एकुलता एक मुलगा जहाजावर आहे. प्रवासी म्हणून नाही, स्वयंपाकघरात. त्याने हा रस्ता धरला तेव्हा मी बोलायचं ते सगळं बोललो होतो, आणि त्याची आई मध्ये पडून दोघांना जेवायला बसवायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तीन दिवसांत आटोपलं सगळं. त्याचं जहाज तेव्हा भर समुद्रात होतं. आठव्या दिवशी कुठल्याशा बंदरातून त्याचा फोन आला. म्हणाला, विमानाचं बघतोय, दहाव्यापर्यंत पोचेन. मी आठ दिवस नीट झोपलो नव्हतो. दारात पाहुण्यांच्या चपला, घरात गुरुजींची यादी, आणि ज्याने सगळं करायचं तो तिकडे पाण्यावर. मी म्हटलं, "इथलं सगळं उरकलंय. आपण आता कष्ट घेऊ नयेत."

आमच्या पेठेत पोटच्या मुलाला 'आपण' म्हटलं, की त्यात काय काय आलं हे वेगळं सांगावं लागत नाही. तो "बरं बाबा" म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं, तो चिडेल, येतोच म्हणेल. मला ते ऐकायचं होतं. तो आला नाही. दहावं पुतण्याने केलं. त्यानंतर मुलाचा फोन नाही आणि माझाही नाही.

सहा-सात महिन्यांनी एका सकाळी माझ्या मोबाइलवर त्याचं स्टेटस दिसलं. नुसता फोटो. एक जाड दोर, ओला धक्का, मागे पिवळट भिंत. एक अक्षर लिहिलेलं नाही. चोवीस तासांनी तो आपोआप गेला. पंधरा दिवसांनी दुसरा. मी फोटो पाहिला हे त्याच्या मोबाइलवर दिसतं, एवढं मला ठाऊक होतं. तेवढंच आमचं बोलणं म्हणायचं.

आधी मी जुना ॲटलास काढला. त्यात काय दिसणार? मग हडपसरच्या गृहस्थांकडे सहज विषय काढला आणि महिन्याभरात ग्रुपात दाखल झालो. मुलाचा फोटो आला की तो मी जपून ठेवायचो आणि ग्रुपवर टाकायचो. एका परिचितांनी पाठवलाय म्हणून सांगायचो. उत्तर मला ठाऊक आहे असा आव आणायचा, चौघांचं ज्यावर एकमत होईल ते दुसऱ्या दिवशी नऊ वाजता जाहीर करायचं. लबाडीच ती. पण त्या दिवसापुरता मुलगा कुठे आहे ते मला कळायचं. मग त्या गावी आज पाऊस आहे का, थंडी किती, ते बघायचो आणि दूध आणायला खाली उतरायचो.

त्याचे फोटो खालच्या मजल्यावरून काढलेले असत, माल चढवायच्या दारातून. ना डोंगर, ना घुमट, नुसते धक्के आणि गोदामं. बाईंनी एकदा लिहिलं, "आपले परिचित जहाजाच्या तळघरात राहतात का?" मी लिहिलं, तिकीट स्वस्तातलं आहे. त्यावर पाचसहा जणांचे हसरे चेहरे आले. तो दिवस मला वाईट गेला.

सरळ त्यालाच का विचारलं नाही, हा प्रश्न मला पडत नव्हता असं नाही. रोज पडायचा. दोन शब्द लिहायचे होते. पण ते लिहायला बोट उचलायचं नाही. आधी राग होता, मग राग गेला आणि तो कसा संपवायचा याचा कंटाळा उरला. माणूस दमला की त्याला भांडणसुद्धा जागच्या जागी ठेवणं सोपं वाटतं.

या फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी साडेसातला फोटो आला. करडं पाणी, लांबलचक पत्र्याची शेड, भिंतीला काहीतरी टेकवलेलं, धक्क्यावर चिटपाखरू नाही. मी आठला ग्रुपवर टाकला. दिवसभर उत्तरं येत राहिली. कोलंबो म्हणणारे जास्त होते, दोघे सलालाह म्हणाले, बाईंचं मत पोर्ट सईद. मी चष्मा बदलून बदलून पाहिलं. दुपारी जेवून झोपलो, संध्याकाळी रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या. बुधवारी नऊला लिहिलं, कोलंबो, अभिनंदन.

दहा मिनिटांत हडपसरहून फोन. ते फोन सहसा करत नाहीत.

"साहेब, ग्रुपवर लिहिलं न्हाई मी. पण ते कोलंबो न्हाई. ती आपली मुंबई हाय."

मी म्हटलं, कशावरून? ते म्हणाले, भिंतीला खराटा टेकवलाय, त्याची मूठ सायकलच्या ट्यूबने आवळलीय. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेत, आमच्या गोठ्यावर असायचे तसे. आणि मुख्य म्हणजे ते स्वतः त्या धक्क्यावरून सात वेळा जहाजात चढलेत. दरवेळी दोन तास आधी पोचतात आणि मग नुसते शेड बघत उभे राहतात.

ग्रुपातले निम्मेअधिक लोक तिथूनच चढलेत. पण एकाच्याही डोक्यात मुंबई आली नाही. मला त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्या लेखी बंदर म्हणजे जिथे जाऊन पोचायचं ते गाव. जिथून निघायचं, ते नुसतं सामान चढवायचं ठिकाण. आणि मी तर नकाशे काढण्यात जन्म घालवलेला माणूस, मीसुद्धा श्रीलंकेचं हवामान बघत बसलो होतो.

मी विचारलं, तुम्ही कधी ओळखलंत? ते म्हणाले, काल सकाळीच. मग आवाज उतरवून म्हणाले, "फोटू पोराचाच असतो न्हवं? मला कळलं हुतं पैल्यापास्नं. टाकणाऱ्याला गाव ठावं असतंय, तसा नेमच हाय. मला वाटलं, तुम्ही आता मुंबईच्या वाटंला लागला असाल. अन् आज तुम्ही कोलंबो लिहिलं."

बघतो म्हटलं आणि फोन ठेवला. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्टेटस केव्हाच गेलं होतं आणि जहाजही गेलं असणार.

तासाभराने विश्रांतवाडीला मेहुणीला फोन लावला. मुलगा दिवाळीला तिला फोन करतो, एवढं मला माहीत होतं. म्हटलं, काल त्याचा मुंबईचा फोटो पाहिलास का? निदान तू जाऊन भेटायचंस. ती म्हणाली, कोणता फोटो? मी सांगितलं, तो स्टेटसला टाकतो ते. ती म्हणाली, तो कधीच काही टाकत नाही. मी म्हटलं, अगं दीड वर्ष टाकतोय, पंधरा दिवसांआड. तिने मोबाइल तपासला. काहीच नव्हतं. मग ती सावकाश म्हणाली, "भावोजी, स्टेटस कुणाकुणाला दिसावं ते निवडता येतं. मी भजनी मंडळाचं फक्त मंडळातल्या बायकांना दाखवते. त्याने ते एकट्या तुम्हाला दिसेल असं ठेवलं असेल."

ती आणखी काही बोलली असती, पण मीच नको म्हटलं.

म्हणजे दीड वर्ष तो पोरगा दर बंदरात माल चढवायच्या दाराशी उभा राहून एकट्या माझ्यासाठी फोटो काढत होता. कुठे आहेस, एवढं मी विचारावं म्हणून. आणि मी ते त्याला सोडून कोथरूड, औंध, सहकारनगरमधल्या शंभर अनोळखी लोकांना विचारत होतो. त्याच्या आईने मला एका वाक्यात गप्प केलं असतं. घरात मोठ्याने रडावंसं वाटलं, पण तेही जमेना. नुसता थकवा आला.

दुपारी त्याला लिहिलं. आधी बरंच लिहिलं होतं, ते खोडलं. पाठवलं ते इतकंच, "काल मुंबईला होतास ना?" एकच खूण उमटली. साडेचारला दुसरी, आणि पाचच्या आत उत्तर आलं. बहुधा किनारा अजून जवळ होता.

"हो. सात ते पाच. गावात सोडलं नाही, पण गोदीच्या गेटपर्यंत जाता येत होतं. तुम्ही फोटो बघितलेला दिसला, म्हणून दोनदा जाऊन आलो. साडेअकराला आणि तीनला."

मी साडेसातला फोटो पाहिला होता. लगेच निघालो असतो तर साडेअकरापर्यंत पोचलो असतो. तेवढा हिशेब त्याने माझ्यासाठी करून ठेवला होता, आणि म्हातारा माणूस, गाडी चुकली असेल, म्हणून तीनपर्यंत सवलत दिली होती. तीन वाजता मी झोपलो होतो. तेच त्याला लिहून पाठवलं. दुसरं काही रचून सांगायचं त्राण आता राहिलेलं नाही.