थोरल्या साडूंची काळी थाळी

एका थाळीला साबण लागू नये म्हणून बायकोला बारा वर्षं तिच्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं वागवणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच निघेल, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. मी वाढवून सांगतोय असं वाटेल, पण ज्यांनी त्यांना ती थाळी पुसताना पाहिलं आहे ते म्हणतील की मी कमीच सांगतोय. तान्ह्या बाळाला आंघोळीनंतर टिपतात तसं ते तिला टिपत. आधी कोपरे, मग पाठ, मग पोट. त्यासाठी जुन्या धोतराचा एक मऊ तुकडा होता, तो वेगळा धुतला जाई, वेगळा वाळत पडे, आणि त्याला चुकून हात पुसला म्हणून मला एकदा अर्धा तास व्याख्यान ऐकावं लागलं होतं.

थाळी म्हणजे जेवायची नव्हे. ओव्हनमध्ये पाव, बिस्किटं, नानकटाई भाजायची, लांबट चौकोनी, बोटभर जाडीची स्टोनवेअरची थाळी. त्यांच्या मुलीने परदेशातून येताना साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेली. लोणच्याच्या बरणीची जी जात तीच हिची, म्हणजे दगड होईस्तोवर भाजलेली माती. फक्त बरणीला झिलई असते, हिला नाही. त्यामुळे ही पिते. तूप पिते, लोणी पिते, आणि साबण लावला तर साबणही पिते. साडूंच्या सगळ्या शास्त्राचा पाया एवढाच. तुपाची नानकटाई भाजत राहिलं की थाळी आधी पिवळसर, मग चहासारखी, मग काकवीसारखी आणि शेवटी तव्यासारखी काळी होते, आणि एकदा काळी झाली की तिला काही चिकटत नाही. नवख्या माणसाला ती जळकी वाटे. साडूंना ती मुरलेली वाटे. "डाग नाहीत हो ते," ते म्हणत, "बारा वर्षांच्या नानकटाया आहेत."

तिच्या आंघोळीचे नियम मला आजही पाठ आहेत. ओव्हनमधून काढली की तिला तशीच निवू द्यायची, पंखासुद्धा लावायचा नाही. पूर्ण गार झाल्यावर लाकडी खरवडणीने खरवडायचं, मग कोमट पाणी आणि हात. काही चिकटून बसलंच तर खायच्या सोड्याचा लेप, पाव तास, त्याहून जास्त नाही. मग पुसायचं, मग रात्रभर ओट्यावर उभी करून ठेवायची, कारण पोटात पाणी राहिलेली थाळी तापवली की तडकते. ओट्याजवळ एखादी सूचनेची पाटी लावा, असं मी एकदा सुचवलं. त्यावर ते म्हणाले, "पाटी वाचायला तिथे कुणी येणार आहे का?" त्यांच्या शेजारीच माझी थोरली मेहुणी उभी होती.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. चिंचवडच्या बाजूला एका कारखान्यात, लोखंड भट्टीत तापवून कडक करायच्या खात्यात त्यांचा जन्म गेला. तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ते त्याची उष्णता सांगत, आणि वरिष्ठ यंत्र लावून पाहत तेव्हा साहजिकच यंत्र चुकलेलं निघे. या खात्याने त्यांना एकच गोष्ट शिकवली, की वस्तू तापवल्याने तुटत नाही, एकदम तापवल्याने तुटते. निवृत्त झाल्यावर हा नियम त्यांनी थाळीला लावला आणि थाळीवर न भागल्याने माणसांना लावला. उन्हातून आलेल्याला ते माठातलं पाणी देत नसत, आधी साधं, मग माठातलं. लग्नाच्या जेवणात कढत पुरी आणि गार श्रीखंड यांच्या मध्ये त्यांचा कोशिंबिरीचा एक मुक्काम असे. आणि वाईट बातमी तर ते कुणालाच सरळ सांगत नसत. ऐकणाऱ्याला आधी कोमट करून घेत. हा शब्द त्यांचाच.

याचा अनुभव मी घेतलेला आहे. एका संध्याकाळी ते कोथरूडमधल्या आमच्या घरी आले. त्यांची सोसायटी आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. सावकाश पाणी प्याले. मग म्हणाले, "चालणं तब्येतीला चांगलंच, नाही का?" मी हो म्हटलं. "आपले वडील वगैरे कुठे गाड्या उडवत होते? बसनेच जायचे." मी पुन्हा हो म्हटलं. "शिवाय पेट्रोलचा धूर." असं करत करत वीस मिनिटांनी कळलं की त्यांच्या सोसायटीसमोर मी लावलेली स्कूटर वाहतूक पोलिसांची गाडी उचलत होती आणि ते मला तेवढंच सांगायला आले होते. मी धावत तिथे पोचलो तेव्हा रस्त्यावर एक कुत्रं झोपलेलं होतं, बाकी काही नव्हतं. वर आलो तर साडू समाधानाने बसले होते. "बघा," ते म्हणाले, "धक्का बसला नाही ना?"

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदलायचं ऑपरेशन झालं. दिवाळी तोंडावर आलेली. मेहुणी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलमध्ये, घराची किल्ली आमच्याकडे. माझी बायको नीलू ही धाकटी बहीण, आणि स्वच्छतेच्या बाबतीत ती सैन्यात असती तर आज निवृत्त जनरल असती. ताई-भावोजी घरी येतील तेव्हा स्वयंपाकघर लखलखीत दिसलं पाहिजे, असं तिने मनात घेतलं. मी त्यांच्या दिवाणखान्यात पेपर वाचत होतो. आतून आवाज आला, "अहो, ओव्हनमध्ये एक जळकी थाळी सापडलीय, तिचं काय करू?" आणि मी, ज्याला सगळे नियम पाठ होते, तो मी पेपरातून डोकंही वर न काढता म्हणालो, "टाक सोड्यात."

तिने सोड्यात टाकली. मग चिंचेत. मग साबणाच्या पाण्यात रात्रभर, आणि दुसऱ्या दिवशी तारेची घासणी. दोन दिवसांनी तिने ती माझ्यासमोर आणली तेव्हा तिचा चेहरा आनंदाने फुललेला होता आणि बोटांची सालं निघालेली होती. थाळी मुलीने आणली त्या दिवशी होती तशी फिकट, दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखी. नीलूला मी सगळं सांगितलं, तेव्हा ती तशीच खुर्चीवर बसली. इतकी वर्षं भावोजींच्या हातची नानकटाई ती खात होती, थाळी कधी तिने जवळून पाहिली नव्हती. पाहू कोण देणार? "मी त्यांना चांगलं वाटावं म्हणून केलं हो," ती म्हणाली, आणि रडली. ती सहसा रडत नाही. त्यांच्याकडे दिवाळीला आता कोणत्या तोंडाने जायचं, हे तिने मला चार वेळा विचारलं.

सांगायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली. हॉस्पिटलमध्ये साडू पाय उंच करून पडले होते. मी ठरवलं, त्यांचंच औषध त्यांना द्यायचं. खुर्ची ओढली, पाणी प्यालो आणि म्हणालो, "जगात कायमचं असं काही नसतं, नाही का?"

साडू ताडकन उठू पाहत म्हणाले, "कोण गेलं?"

"अहो, कुणी नाही."

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. "मग थाळी."

मी मान हलवली.

"साबण?"

"हो."

"तार?"

"हो."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि मेहुणीला सांगितलं की दिवा जरा डोळ्यावर येतोय. त्या दिवाळीत आम्ही त्यांच्याकडे गेलो नाही. मी फोन केला, नीलूने केला नाही. साडूंनी गुडघ्याची हकिगत सविस्तर सांगितली, थाळीचं नाव काढलं नाही. एकमेकींशी दिवसातून दोनदा बोलणाऱ्या बहिणी आठवड्यातून एकदा, तेही हवापाण्याचं बोलू लागल्या. मला आतून फार वाईट वाटत होतं, कारण टाक सोड्यात असं म्हणणारा मी होतो आणि शिक्षा त्या दोघी भोगत होत्या.

मग डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी जिन्यावर टक-टक असा आवाज आला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दोन मजले काठी टेकत साडू चढून आले होते, मागे मेहुणी, तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेली थाळी. साडू सरळ स्वयंपाकघरात गेले, खुर्चीवर बसले आणि नीलूला म्हणाले, "तू काळं घालवलंस, तूच आण."

"भावोजी, मला माफ—"

"तूप काढ. गरम नको, साधं."

पहिल्या नानकटाया भाजून निघाल्या त्यांना लिंबाचा वास होता, साबणातल्या लिंबाचा. साडूंनी दोन खाल्ल्या आणि म्हणाले, "साबण चांगल्या प्रतीचा आहे." नीलू हसली. किती आठवड्यांनी हसली. त्यावर साडू गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "हा नवा, ही थाळी नवी. दोघांना पहिल्यापासून मुरवायचं."

तेव्हापासून आमचे रविवार त्यांचे झाले. ते खुर्चीवर बसून हुकूम सोडत, नीलू भाजत असे, आणि दोघांचं कडाक्याचं भांडण होई. तिने एकदा पंखा लावला म्हणून ते उठून निघालेच होते, जिन्यापर्यंत गेलेही, पण नानकटाई व्हायला सात मिनिटं बाकी होती म्हणून परत आले. थाळी खिडकीतल्या उजेडाकडे धरून ते रंग पाहत. पिवळसर. अजून पिवळसर. जरा बरी.

या उन्हाळ्यापासून मात्र ते येताना कापडी पिशवीतून काहीतरी आणू लागले. एका रविवारी ती लाकडी खरवडणी. "आमच्याकडे नुसती पडलीय." पुढच्या खेपेला धोतराचा तो तुकडा, धुऊन, घडी घालून. मग एक वही, त्यात कोणत्या पिठाला किती आच आणि किती वेळ हे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं. बोलता बोलता म्हणत, "तुझ्या ताईला वेलची थोडी जास्त लागते, लक्षात ठेव." कधी म्हणत, "डॉक्टरांनी हल्ली वरचेवर बोलावलंय, हृदयाचं काहीतरी कुरकुरतंय, विशेष नाही." कधी म्हणत, "माणसाने सामान कमी करत न्यावं, नाही का?" मी हो म्हणत राहिलो. मला वाटलं, घर आवरतायत. आणि मग एकदा एकदम माझ्या लक्षात आलं की पोलिस स्कूटर उचलून नेत होते तेव्हाही साडू असंच बोलत होते, आणि मी असाच हो म्हणत बसलो होतो. मी नीलूकडे पाहिलं. तिला ते खरवडणी आली त्याच दिवशी कळलं होतं.

गेल्या महिन्यात त्यांनी पिशवीतून हातमोजे काढले. कारखान्यातले, जाड कातड्याचे, भट्टीपुढे वापरायचे. थाळी ओव्हनमधून काढताना इतकी वर्षं त्यांनी दुसरं काही वापरलं नव्हतं. त्यांनी ते ओट्यावर ठेवले. नीलूने हात पुसले, हातमोजे उचलले आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवले.

"हे न्या, भावोजी."

"राहू दे गं. मला काय करायचेत?"

"नको म्हटलं ना. थाळी अजून चहाच्या रंगाचीसुद्धा झाली नाही." तिचा आवाज चढला होता आणि डोळे भरले होते. "एवढ्यात मला काही देऊ नका."

साडूंनी तिच्याकडे पाहिलं, तापलेल्या लोखंडाकडे पाहत असतील तसं, जरा डोळे बारीक करून. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "खरंय. गारच आहेस तू अजून, कोमटसुद्धा नाही झालीस. थांबतो." आणि हातमोजे पुन्हा पिशवीत टाकले.

आता रविवारी सकाळी काठीचा आवाज आला की दार उघडायला मीच जातो. दोन मजले चढायला त्यांना हल्ली बराच वेळ लागतो, मधल्या वळणावर ते थांबतात. दारात आले की मी त्यांना या म्हणतो, आणि त्यांच्या चेहऱ्याआधी पिशवीकडे बघतो.