टेपबाईंच्या वहीतली मापं

टेपबाईंचं दुकान जिन्याखाली होतं. आत शिरताना वाकायचं विसरलं की कपाळाला पायरीचा प्रसाद मिळायचा, आणि निम्म्या गिऱ्हाइकांना तो मिळालेला होता. नवे कपडे शिवणं बाईंनी केव्हाच सोडलं होतं. तयार कपडे मिळत असताना शिवायला टाकतो कोण? त्या फक्त दुरुस्ती करायच्या. लांब असेल ते आखूड करायचं, घट्ट असेल ते सैल. गळ्यात कायम टेप लोंबायचा, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना टेपबाई म्हणायचा. आलेल्या माणसाचं माप तारखेसकट जाड वहीत उतरवायची त्यांची शिस्त होती. कपडा परत आला तर मागचं माप हाताशी असावं, एवढाच हिशेब.

सव्वीस वर्षं माणसांच्या कमरेभोवती टेप फिरवून बाईंना एक गोष्ट कळली होती. जाड झालेला माणूस हसत हसत माप देतो. बारीक झालेला देताना गप्प असतो.

बसवाले भाऊ मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. शहरबसवर ड्रायव्हर, आवाज असा की स्टॉपवरची कबुतरं उडावीत. त्यांनी युनिफॉर्मच्या दोन पँटी आणल्या आणि म्हणाले, "आत घ्या जरा. बायकोनं साखर बंद केलीय."

बाईंनी दोन इंच आत घेतलं. चार महिन्यांनी त्याच पँटी परत आल्या. या वेळी दीड इंच. बाईंनी वहीतलं मागचं पान काढलं, मग भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं. गालाची हाडं वर आली होती.

"भाऊ, डॉक्टरला दाखवलंत का?"

"दाखवलं की दुखणं सापडतं," भाऊ हसले. "न दाखवलं तर आपण ठणठणीत."

"थट्टा नको."

मग ते हळूच म्हणाले, "बाई, नुसत्या तपासण्यांची यादी ऐकली आणि घरी आलो. मोठ्या दवाखान्यात आधी अनामत भरा म्हणतात, मग नाडी बघतात. धाकटीचं शिक्षण संपू दे. मग बघू."

ते 'मग' काही आलं नाही. थंडी सरता सरता त्यांची बायको त्याच दोन पँटी घेऊन दुकानात आली. तिच्या भावाला होतील अशा करून हव्या होत्या. बाईंनी त्या उलट्या केल्या, तर आत घेतलेलं सगळं कापड शिवणीत तसंच होतं. उसवलं की पँट पुन्हा पहिल्या मापाची होणार होती. बाईंनी ब्लेड हातात घेतलं आणि बराच वेळ ते लावलंच नाही.

त्या दिवसापासून त्या जुन्या वह्या चाळायला लागल्या. गणिताच्या बाई, छाती दोन इंच कमी, मग दीड, मग नोंद नाही. लेथवाले काका, कंबर तीन इंच कमी, पुढे नोंद नाही. बेकरीतली मुलगी. शाळेचा शिपाई. कोणी गाव सोडलं असेल, कोणी दुसरा टेलर धरला असेल, अशी त्या स्वतःची समजूत घालायच्या. पण बहुतेकांच्या घरची माणसं ओळखीची होती. त्यांना माहीत होतं. प्रत्येकानं दुखणं अंगावर काढलं होतं, आणि प्रत्येकाचं कारण एकच होतं.

याच सुमारास सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका ढगळ झालेला युनिफॉर्म घेऊन आली. वह्या पसरलेल्या पाहून तिनं विचारलं, आणि बाईंनी सांगून टाकलं. ती स्टुलावर बसली. म्हणाली, "मावशी, विधानसभेत एक विधेयक आलंय. पहिल्या तपासण्या सगळ्यांना परवडतील अशा दरात, आणि अनामत नाही म्हणून कोणाला दारातून परत पाठवायचं नाही. समिती लोकांची मतं मागवतेय. पण लोक पुढेच येत नाहीत."

"कागदानं कोणी बरं होतं का?"

"कागद नाही म्हणून मरतात, ते मी रोज बघते."

परिचारिका पाठिंब्याचे अर्ज ठेवून गेली. बाईंनी ते खडूच्या डब्याखाली सरकवले आणि विसरल्या.

आठवण आली ती घरात. बाईंचे यजमान छापखान्यात मशीनवर होते. मितभाषी माणूस, दिवसाला दहा वाक्यं बोलले तर त्यांतली चार चहाबद्दल. एका सकाळी ते शर्टाचं वरचं बटण लावत होते. बटण लागलं, आणि कॉलर आणि मानेच्या मध्ये दोन बोटं जातील एवढी फट राहिली.

"नवा शर्ट शिवते तुम्हाला," त्या म्हणाल्या. "हात वर करा."

"नवा? आजवर कधी शिवला नाहीस तो?"

"करा ना हात वर."

मागे जुना शर्ट दुरुस्त करताना घेतलेल्या मापापेक्षा छाती अडीच इंच कमी होती. बाईंनी पुन्हा टेप लावला. तेच. त्यांनी वहीत नुसती तारीख घातली, आकडा लिहिला नाही.

"कळलं तुला," यजमान म्हणाले.

"कधीपासून?"

"पावसाच्या आधीपासून. जेवण जात नाही." हात खाली घेऊन ते शांतपणे बटणं लावू लागले. "दवाखान्याचं नाव काढू नकोस. मला घर ठेवून जायचंय, विकून नाही."

बाई त्यांच्याशी भांडल्या, रडल्या, दोन दिवस अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं आणि खडूच्या डब्याखालचे अर्ज बाहेर काढले.

माप देणारा माणूस हात पसरून उभा असतो, कमरेला टेप असतो. त्याला पळता येत नाही. बाई टेप धरूनच विधेयक समजावायच्या. कोणी सही करायचं. कोणी म्हणायचं, "आमच्या सहीनं काय होणार?" बाई म्हणायच्या, "तुमच्या न करण्यानं काय होतं, ते या वहीत आहे." दुकानाच्या जागेचा मालक एकदा वाकून आत आला. त्याच्या जावयाचं स्वतःचं इस्पितळ होतं. "बाई, शिवणकाम करा," तो गोड आवाजात म्हणाला. "जिन्याखालची जागा मागणारे पुष्कळ आहेत." बाईंनी त्यालाही अर्ज पुढे केला. त्यानं घेतला नाही, आणि पुढच्या महिन्यात जागा सोडण्याची नोटीस आली.

समितीसमोर सुनावणी होती तेव्हा बाई तीन वह्या पिशवीत घालून गेल्या. आदल्या दिवशी बसवाल्या भाऊंची बायको येऊन एवढंच म्हणाली होती, "यांचं नाव घ्या तिथं. पूर्ण नाव."

सभागृह थंडगार होतं. प्रत्येकाला तीन मिनिटं. बाईंनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. कंबर छत्तीस. चौतीस. साडेबत्तीस. नोंद नाही. छाती चाळीस. अडतीस. साडेछत्तीस. नोंद नाही. बाकीची मापं त्यांनी नावांशिवाय वाचली, भाऊंचं मात्र पूर्ण नाव घेतलं.

एका सदस्यानं विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही साहेब. मी दुरुस्तीवाली. पण या माणसांचं बारीक होणं माझ्याशिवाय कोणी मोजलंच नाही. ज्यानं मोजायला हवं होतं, त्याच्या दारापर्यंत ती पोचलीच नाहीत."

"शेवटच्या पानावर आकडा नाही," सदस्य वहीत डोकावून म्हणाला. "नुसती तारीख आहे."

"ते माझ्या घरचं आहे," बाई म्हणाल्या, आणि त्यांची तीन मिनिटं संपली.

सुनावणीची बातमी छापखान्यातच छापली गेली. यजमानांनी ती मशीनवरून उतरताना वाचली. घरी येऊन म्हणाले, "उद्या जाऊ." परिचारिकेनं ओळखीनं तपासणी करून दिली. डॉक्टर तरुण होता. रिपोर्ट बघताना त्यानं खुर्ची थोडी पुढे ओढली. उपचार आहेत, म्हणाला. सुरू करू. मग, स्वतःशीच बोलावं तसं, "सहा महिने आधी आला असतात तर..." आणि वाक्य तिथंच सोडलं.

विधेयकावरचं मतदान पुढच्या अधिवेशनावर ढकललं गेलं. परिचारिका म्हणाली, दोन-चार मतं इकडची तिकडं झाली तर पडेल. आपापल्या आमदाराला फोन करा, एवढंच आता लोकांच्या हातात आहे.

जिन्याखालची जागा गेली होती. बाईंनी मशीन घराच्या पुढच्या खोलीत मांडलं. तिथं आता कपड्यांपेक्षा फोन करणाऱ्यांचीच वर्दळ जास्त होती. भाऊंची बायको आली, लेथवाल्या काकांचा मुलगा आला. यजमान टोपी घालून खिडकीशी बसलेले असायचे. केस गेले होते. एके दिवशी त्यांनी हात पुढे करून फोन मागितला. आयुष्यात त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. नंबर लागला. त्यांनी नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आणि म्हणाले, "साहेबांना सांगा, विधेयकाला मत द्या. मी मतदार आहे." थोडं थांबून म्हणाले, "अजून आहे."

पलीकडून "नोंद घेतली" असं काहीसं आलं आणि फोन बंद झाला. यजमानांनी तो बाईंच्या हातात दिला. दारात पुढचा माणूस उभा होता, अंगातला कोट खांद्यावरून घसरत होता. बाईंनी त्याला आधी अर्ज दिला, मग टेप काढला.