शेवंताबाईची भुजली

१२ जून १९६१. सदतीस रुपये पन्नास नये पैसे. मुरमुरेवाल्या शेवंताबाईने पदराची गाठ सोडून एवढी रक्कम मैनाबाईच्या हातावर ठेवली. बालाघाटच्या बाजारात पक्के ओटे निघाले होते; अनामत भरील त्याच्या नावाने ओटा. शेवंताबाई नऊ वर्षे जमिनीवर पोते अंथरून बसत होती. त्या दिवशी मीठ लावलेला तांदूळ भट्टीवर होता, सोडून उठली असती तर सारा माल करपला असता. म्हणून तिने अनामत भरायला मैनाबाईला धाडले. साक्षीदार नाही, चिठ्ठी नाही. भुजलीकडे चिठ्ठी कोण मागतो?

राखीच्या दुसऱ्या दिवशी गव्हाचे पिवळे कोंब एकमेकींच्या कानावर खोचून दोघी भुजली, म्हणजे जन्माच्या मानलेल्या मैत्रिणी, झाल्या होत्या. तेव्हापासून एकमेकींचे नाव घ्यायचे नाही, भुजलीच म्हणायचे, मरेपर्यंत. शेवंताबाई तर मैना पाखरालाही ‘ते पिवळ्या चोचीचं’ म्हणे.

दिवाळीआधी ओटे वाटले गेले. सातव्या ओट्यावर मैनाबाई फुटाण्यांची टोपली घेऊन बसलेली.

“भुजली, हा तं माझा ओटा!”

“पावती माझ्या नावाची हाय, भुजली. तुले नवरा हाय, त्याची नोकरी हाय. मी विधवा बाई कुठं बसू?”

“मंग मागाचं होतं मले.”

“मागतलं असतं तं देल्लं असतं काय?”

शेवंताबाईने ओट्याच्या कडेवरून हात फिरवला.

“बस ना खाली,” मैनाबाई म्हणाली, “ओट्याची सावली तुलेबी पुरते.”

शेवंताबाई तडक बाजाराच्या कचेरीत गेली. तिथले कारकून गुणाकरबाबू यांनी सगळे ऐकून तक्रारीच्या अर्जाचा कागद पुढे ओढला.

“पैसे कोणाला दिले?”

“भुजलीले.”

“बाई, गावात पाचशे भुजल्या असतील. नाव सांगा.”

ती जमिनीकडे पाहत राहिली. बाबूंनी रजिस्टर उघडले. “सातवा ओटा, मैनाबाई. हीच ना?”

“तुमी म्हना साहेब. मी नाही म्हनत.”

“तक्रार तुमची आहे, माझी नाही. तुमच्या तोंडून नाव आलं की अंगठा घेतो आणि उद्याच तिला बोलावतो.”

रांगेत मागे उभी असलेली भाजीवाली गोदाबाई खुसखुसली. “घेऊन टाक वं! तिनं ओटा घेतला, तुले नाव नाही घेता येत?”

शेवंताबाईने मान वर केली. ओठ जुळले. मग तिने तोंडाला पदर लावला आणि पायऱ्या उतरून निघून गेली.

पुढे बारा वर्षे ती बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोत्यावरच बसली. शिव्या देतानाही मैनाबाईचे नाव तिच्या तोंडून कोणी ऐकले नाही. फक्त भुजली म्हणणे तिने सोडले. ‘ती’ म्हणे.

अर्ज कोराच राहिला. त्यावर आधीच चिकटवलेल्या सरकारी तिकिटाचे पन्नास नये पैसे गुणाकरबाबूंनी स्वतःच्या खिशातून भरले होते. ते शेवंताबाईकडून अजून यायचे आहेत.