इतर हक्क

"किबोर्ड पुसून घे. साहेब बोट लावणार हायत."

अव्वल कारकुनानं हे सगळ्यांसमोर सांगितलं. तहसील कचेरीतल्या कम्प्युटर खोलीचं त्या दिवशी उद्घाटन होतं. दाराला झेंडूच्या माळा, मशीनला हळदकुंकू. ते मशीन चालवणारी मी एकटी. महिनाभर त्याच्यावर सातबारे टाइप करत होते. तहसीलदार साहेब आले म्हणून मला खुर्चीवरून उठवलं.

धूळ असेल म्हणून मी कोरडं फडकं फिरवलं.

"ओल्या फडक्यानं पूस," तो म्हणाला. "तुझं बोट लागल्यालं एकबी बटण ठेवू नगंस."

मागं कुणीतरी हसलं. मी फडकं भिजवून आणलं, घट्ट पिळलं आणि एकेक बटण पुसलं. माझा स्पर्श, माझ्याच हातानं. मग साहेबांनी एक बटण दाबलं. टाळ्या झाल्या. मी दाराबाहेर चपलांजवळ उभी. शिपायानं पेढा माझ्या तळहातावर वरून सोडला. मी तो खाल्ला. आज सांगताना लाज वाटते. पण खाल्ला.

आम्ही गडमुडशिंगीचे. बाबा फाउंड्रीत भट्टीवर, आई दुसऱ्यांच्या उसात भांगलायला. बारावीनंतर बाबांनी मला शहरात शिवाजी पेठेतल्या टायपिंगच्या क्लासला घातलं. रोज एसटीनं जायचं, तासभर बडवायचं, यायचं. मराठी टायपिंगमध्ये माझा हात सगळ्यांत पुढं. पुढं सरकारनं जमिनीचे उतारे कम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं आणि काम ठेकेदाराला दिलं. ठेकेदाराला वेग पाहिजे होता. त्यानं जात विचारली नाही. कचेरीनं पहिल्याच आठवड्यात विचारली.

"गाव कंचं?" अव्वल कारकून.

"गडमुडशिंगी."

"ते कळलं. गावात घर कुठल्या अंगाला?"

मी सांगितलं. त्यानं नुसती मान हलवली. त्या दिवसापासून त्या कचेरीत मला नाव राहिलं नाही. "ए कम्प्युटर, हे घे." "ए कम्प्युटर, सरक तिकडं." रजिस्टर कुणी हातात द्यायचं नाही. लांबनं टेबलावर टाकायचं.

तरी मी खूश होते. खरंच होते. गावाचं दप्तर म्हणजे तलाठ्याच्या बगलेतलं गाठोडं. त्यात काय लिहिलंय, ते आमच्या माणसांना कधी दिसलंच नाही. आता सगळं मशीनवर येणार. "मशीनला जात नसती," बाबा म्हणायचे. मीही आमच्या वस्तीत सगळ्यांना तेच सांगत फिरायचे.

मग एक दिवस तालुक्यातल्या एका गावाचं रजिस्टर माझ्या टेबलावर येऊन पडलं. त्यात महारकीच्या वतनाच्या जमिनी होत्या. गावाची राबणूक करायची, त्याबद्दल आमच्या आज्या-पणज्यांना मिळालेल्या. पुढं सरकारनं वतनं मोडली, जमिनी त्यांच्याच नावावर केल्या आणि एक अट घातली. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ही जमीन विकता येणार नाही. का घातली? आमच्या माणसाला दमात घेऊन, दारू पाजून, अंगठा उठवून कुणी जमीन लाटू नये म्हणून. ही अट सातबाऱ्यावर 'इतर हक्क' ह्या रकान्यात लिहिलेली असते. एकच ओळ. त्या ओळीच्या आधारावर माणसं उभी होती.

अव्वल कारकुनानं चार गट नंबरांवर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.

"ह्या चारांत ती ओळ घेऊ नगंस."

"मूळ रजिस्टरात आहे, साहेब."

"कम्प्युटरला येवढं बसत न्हाय."

"बसतंय. मी बाकीच्या गटांत बसवलंय."

त्यानं चष्मा काढला. मग हळू आवाजात म्हणाला, "बटणं बडवायला मिळाली, हेच तुमच्यात लय झालं. डोकं चालवायला तुला ठेवल्यालं न्हाय."

मी ओळ सोडली. चारही गटांत. नोकरी जाईल ही भीती होती, दुसरं कारण नाही. घरी जाऊन कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी कम्प्युटरचे उतारे द्यायला सुरुवात झाली. एक म्हातारी आली. डोक्यावरचा पदर घट्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. त्याच गावची, तिची जमीन त्याच चार गटांतली. तिच्या पुतण्याला दारू पाजून गावातल्या दूध संस्थेच्या चेअरमननं जमीन खरेदी करून घेतली होती. म्हातारीचं नाव उताऱ्यातनं कधी गेलं, तिला कळलंच नव्हतं. तिनं पिशवीतनं हातानं लिहिलेला जुना उतारा काढला.

"ह्येच्यात लिवलंय बगा, इकता येत न्हाय म्हनून. सकाळधरनं बसलोय मी."

अव्वल कारकुनानं कागदाकडं बघितलंही नाही. "हाताचा उतारा आता चालत न्हाय. कम्प्युटर सांगतो ते खरं. आणि कम्प्युटरमधी तसली ओळ न्हाय."

म्हातारी माझ्याकडं वळली. मशीनसमोर मी बसले होते. "लेकी, तू बघ की. काय म्हनतंय तुजं मशीन?"

"तिला काय इचारतीस?" तो हसला. "तिनंच टाइप केलंय ते. तुमच्यातलीच हाय ती. इचार, ओळ कुठं गिळली."

सगळी खोली हसली. म्हातारी हसली नाही, रडली नाही. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं बघितलं, माझ्या बोटांकडं बघितलं.

"तुला शिकिवलं कुनी गं?"

एवढंच बोलली. पिशवीची गाठ मारली आणि जिना उतरून गेली.

मला चाबकानं मारलं असतं तरी चाललं असतं. ओल्या फडक्यानं माझा विटाळ पुसून घेतला होता, तेव्हा दोष त्यांचा होता. आता माझा होता. कायदा मुंबईत झाला, दिल्लीत झाला. मशीन परदेशातनं आलं असेल. पण त्या म्हातारीच्या गावात कायदा पोचायचा, तर माझ्या बोटांतनं पोचायचा होता. मी तो अडवला. अव्वल कारकुनाचं ऐकून.

दुसऱ्या आठवड्यात आणखी एक रजिस्टर टेबलावर पडलं. पुन्हा पेन्सिलीच्या खुणा. मी सगळी ओळ टाइप केली, अक्षर न अक्षर. तो येऊन मागं उभा राहिला.

"काढ ती."

"न्हाय."

"काय म्हणालीस?"

"न्हाय काढणार. काढायची तर लेखी द्या. तुमच्या सहीनं."

त्यानं रजिस्टर उचलून माझ्या तोंडावर फेकलं. पुठ्ठ्याची कड ओठाला लागली, रक्त आलं. खोलीत दहा माणसं होती. एकानंही मान वर केली नाही.

मी उठले नाही. त्या जुन्या चार गटांची तपासणी प्रत काढली. प्रत्येक पानावर टाइप करणाऱ्याची सही लागायची. चारही पानांवर मी हातानं लिहिलं : 'मूळ रजिस्टरातली इतर हक्काची नोंद अव्वल कारकुनांच्या तोंडी आदेशावरून मी वगळली आहे.' खाली पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मग टपाल घेणाऱ्या बाईंच्या टेबलावर गेले. त्यांनी माझ्या ओठाकडं बघितलं, कागद वाचले, आणि आवक शिक्का मारला. ती बाई कोण, कुठली, मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा निरोप. येऊ नकोस. पाठोपाठ घरी हवालदार. उताऱ्यात फेरफार केला म्हणून तक्रार, माझ्याच विरुद्ध. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. "सांग की चुकून झालं म्हणून," आई म्हणाली. मी चुकून केलं नव्हतं.

ती चार पानं कचेरीतनं नाहीशी झाली. मी नकला मागितल्या. "असले कागदच न्हाईत," असं मला लेखी उत्तर आलं. पुढं माहिती अधिकाराचा कायदा आला. मी अर्ज केला, मग अपील, मग दुसरं अपील. आवक नोंदवहीत क्रमांक होता, तो त्यांना खाता आला नाही. शेवटी पानं निघाली. माझं अक्षर, माझी सही.

तोवर म्हातारी गेली. तिच्या जमिनीवर चेअरमनचं मंगल कार्यालय उभं राहिलंय. अव्वल कारकून बढती घेऊन निवृत्त झाला, हारतुरे घेऊन. म्हातारीच्या सुनेनं दावा लावलाय आणि मी तिची साक्षीदार.

मागच्या सुनावणीला चेअरमनच्या वकिलानं मला विचारलं, "म्हणजे खोटा उतारा तुम्हीच तयार केलात. गुन्हा कबूल करताय?"

सुनेनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला.

"व्हय. मी केला. लिहून घ्या, पहिलं नाव माझं. शिक्षा द्यायची ती द्या. पण पेन खाली ठेवू नका. आता दुसरं नाव सांगते. मग तिसरं."