कस्टमबाईंची सही

समोर बसलेला माणूस खोटं बोलतोय, हे धरूनच बाई मुलाखतीला बसायच्या. तो खरा निघाला तर त्यांना आश्चर्य वाटायचं आणि थोडा रागही यायचा. बाई मरोळच्या गावठाणातल्या, ख्रिस्ती घरातल्या. अंधेरीच्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कन्सल्टिंग कंपनीत माणसं पारखायचं काम त्यांच्याकडे होतं. विमानतळ जवळच, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे 'कस्टमबाई' म्हणायचो. कारण प्रत्येकाची बॅग त्या उघडायच्याच.

आमचा धंदा असा, की माणसं आमची आणि काम दुसऱ्याच्या ऑफिसात. म्हणून मुलाखती दोन, आधी बाईंची, मग क्लायंटची. दुसरी सोपी असते असं दोन्ही देऊन आलेले सांगत. कोणी रुबाबात "आम्ही अख्खी सिस्टम बदलली" म्हणाला, की बाई पेन खाली ठेवायच्या. "आम्ही म्हणजे कोण रे? वरातीत सगळेच नाचतात. तू काय वाजवत होतास ते सांग."

मुलाखती व्हिडिओवर व्हायला लागल्या तसा त्यांचा संशय आणखी वाढला. "बाळा, दोन्ही हात वर कर. हां, आता बोल." घाटकोपरच्या एका पोराचे ओठ हलायचे आणि आवाज जरा मागून यायचा. बाईंनी पंधरा मिनिटं शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "छान. आता दाराआडच्या मित्राला सांग, तुझी निवड झाली, जॉइन व्हायला तूच ये."

त्यांचा शेवटचा प्रश्न ठरलेला. आरे कॉलनीतल्या एका तबेल्याचं दूध रोज उशिरा पोचतं, मालकाला सॉफ्टवेअर हवंय, काय करशील? बहुतेक जण उठून फळ्यावर चौकोन काढायला लागायचे. इथे ॲप, इथे सर्व्हर. बाई चहा संपवायच्या. "झालं? म्हशींची धार किती वाजता काढतात, ते विचारलंस?"

मुलुंडची प्रणिता मात्र जागची उठली नाही. "मॅडम, उशीर नक्की कुठे होतो, तबेल्यात की रस्त्यात? ते कळल्याशिवाय सॉफ्टवेअर लागेलच असं मी म्हणणार नाही." बाईंनी तिला बराच वेळ न्याहाळलं. मग बायोडेटा तपासल्याच्या फॉर्मवर सही केली. "इथे आलीस तशीच क्लायंटकडे जा. कोणी काही पढवलं तर ऐकू नकोस." अशी सही महिन्यातून एखादीच व्हायची.

आता माझं सांगतो. इतकी वर्षं टाळलं.

उमेदवाराचा बायोडेटा आणि बाईंचा फॉर्म क्लायंटला पाठवायचं काम माझं. त्याआधी आम्ही कागदाला 'इस्त्री' करायचो. क्लायंटला पाच वर्षं अनुभवाचा माणूस हवा असला, की दोनाची पाच वर्षं व्हायची आणि उमेदवाराला ती घोकायला सांगितली जायची. बाईंपासून हे लपवलेलं होतं. कधीतरी त्या जाता जाता विचारायच्या, "मी वाचलेलाच कागद पुढे जातो ना रे?" मी स्क्रीनवरून मान वर न करता म्हणायचो, "हो मॅडम." जगावर संशय घेणारी ती बाई तेवढ्यावर निघून जायची.

प्रणिताच्या कागदालाही मी इस्त्री केली. फक्त तिला सांगितलं नाही, कारण ती थेट बाईंकडे गेली असती. क्लायंट कुठे एवढं वाचतो, असा हिशेब केला.

क्लायंटने वाचलं. पाच वर्षांपूर्वीच्या पहिल्या कामाबद्दल विचारलं. ती सरळ म्हणाली, "सर, मला दोनच वर्षं झालीत. पाच कुठून आली, मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मालकांनी, शेठनी, बाईंना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तो बायोडेटा होता आणि त्याला जोडलेला बाईंच्या सहीचा फॉर्म. "बाई, हे तुमच्या हातून सुटलं कसं? की मध्ये कोणी बदललं?" शेठ माझ्याकडे बघायला लागले. बाई ताडकन म्हणाल्या, "त्याच्याकडे काय बघता? तो माझ्या हाताखाली शिकलाय. सही माझी आहे, जबाबदारीपण माझी."

मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिलो. पंचेचाळिशीत आपल्याला कोण नोकरी देणार, एवढंच डोक्यात होतं. बाईंना त्याच आठवड्यात नोकरीवरून जावं लागलं. प्रणिताला आमच्याकडून पुन्हा फोन गेला नाही. तो करायचं कामही माझंच होतं.

दोन-तीन महिन्यांनी एका अनोळखी कंपनीतून फोन आला. बाईंनी तिथे अर्ज केला होता, आणि चौकशीसाठी माझं नाव दिलं होतं. माणूस फार सभ्य होता. "तपासणीत त्यांच्याकडून एक खोटा कागद सुटला असं कानावर आलंय. खरं का?"

मी उठून दार लावलं. "कागद मी बदलला. त्यांना माहीत नव्हतं."

"मग त्या का गेल्या?"

"मी गप्प बसलो म्हणून."

"आणि तुम्ही अजून तिथेच आहात?"

"हो," म्हणालो. त्याने आभार मानून फोन ठेवला.

बाईंना ती नोकरी मिळाली. मला मात्र संशयाने पोखरलं. त्यांच्याकडे द्यायला नावं कमी नव्हती. मग माझंच का? विश्वास होता म्हणून, की सगळं कळलं होतं आणि मला बोलतं करायचं होतं म्हणून? शेवटी मीच फोन लावला. "मॅडम, माझं नाव का दिलंत?"

"का? खोटं बोललास काय?"

"नाही. खरं सांगितलं."

"काय खरं?"

मग त्यांनाही सगळं सांगितलं. फोन कट झाला की काय, म्हणून मी दोनदा स्क्रीन बघितली.

"हं," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग? शेठला सांग. आणि त्या मुलीलाही फोन कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी प्रणिताला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग शेठच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी मला नोकरी सोडायला महिन्याची मुदत दिली.

संध्याकाळी बाईंनी त्या दोघांनाही फोन करून, मी खरंच सांगितलं का, याची खात्री करून घेतली.